सोमवारची गोळी

“माझी सासू गेली तेव्हा मला वाटलं, चला, आता खाल्लं काय नि प्यायलं काय याचा जाब विचारणारं कुणी राहिलं नाही. तर सरकारनं ही दुसरी पाठवली,” अलका डब्याचं झाकण उचकटता उचकटता पुटपुटली.

शेजारी मांडी घालून बसलेल्या रंजनाला ते ऐकू गेलं आणि हसू आलं. ‘ही दुसरी’ म्हणजे पेटी. पोळ्यांच्या डब्याएवढी, पांढरी, वर काचेची एक खाच असलेली. कागदोपत्री तिचं नाव भलतंच लांबलचक होतं, पण निफाडकडच्या त्या पॅकहाउसातल्या बायकांनी तिचं बारसं पहिल्याच आठवड्यात उरकून टाकलं होतं. सासू. दुपारच्या सुट्टीत बायका डबे उघडायच्या, शेजारी आपापली सासू ठेवायच्या, आणि मग ओळीनं सगळ्या सासवा पुणेरी आवाजात विचारायला लागायच्या, जेवण झालं का, पाणी किती प्यायलात, जळजळ आहे का.

अलकाचं उत्तर ठरलेलं असे. घास तोंडात जायच्या आधीच ती म्हणायची, हो बाई, झालं, पोटभर झालं. पेटी विश्वास ठेवायची, खण उघडायचा, पिवळी गोळी बाहेर यायची. अलका ती तिथेच गिळायची, कारण गोळीच्या पोटात कणभर काहीतरी बसवलेलं होतं आणि ती विरघळली की पेटीला कळायचं. त्याच्यापुढे मात्र अलकाचीही हुशारी चालत नसे.

त्या दिवशी सोमवार होता. रंजनाच्या पेटीनं विचारलं, जेवण झालं का?

“नाही. आज सोमवार आहे माझा,” रंजना म्हणाली.

पेटी म्हणाली, हरकत नाही, जेवल्याशिवाय गोळी घेऊ नये, उद्या भेटू. आणि तिनं खण मिटला. मग रंजनानं आपला डबा उघडला. त्यात साबुदाण्याची खिचडी होती, दाण्याचं कूट सढळ हातानं घातलेली. सोबत बटाट्याची भाजी, दोन केळी आणि बाटलीभर ताक. हे सगळं तिनं चवीनं संपवलं. अलका म्हणाली, “राक्षसासारखं खाल्लंस, मग हो म्हणायला काय झालं होतं तुला?” तर रंजनानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं देवळात चप्पल घालून ये म्हटलं होतं. उपासाचं खाणं म्हणजे काय जेवण असतं? आणि व्रताच्या दिवशी खोटं बोलायचं, तेही कशासाठी, तर एका गोळीसाठी?

एवढंच घडलं होतं. असं ते त्या वर्षी पुष्कळदा घडलं.

*

बायकांना ही पेटी का लागत होती, ते सांगायला हवं. पॅकहाउसातली द्राक्षं परदेशी जायची. शीतगृहाच्या तोंडाशी लांबलचक टेबलं, त्यांवर क्रेट, आणि स्वेटरवर अ‍ॅप्रन चढवलेल्या बायका कात्रीनं घडातले खराब मणी काढत उभ्या. संडास होते, चांगले होते, पण तिकडे जायचं तर टोपी, हातमोजे, अ‍ॅप्रन सगळं उतरवा, परत येऊन कोपरापर्यंत हात धुवा, पुन्हा चढवा. तेवढ्यात आपल्या जागेवर क्रेट तुंबतात आणि अख्खी ओळ मागे वळून बघते. त्यापेक्षा पाणीच कमी प्यावं, हे इथल्या बाईला पहिल्याच हंगामात कुणी न शिकवता कळायचं. मग उन्हाळी लागायची. लघवीला आग, ओटीपोटात कळ, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही.

रंजनाच्या लहानपणी धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि नाहीच भागलं तर मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या असत. दोन गोळ्यांनी आग थांबली की तिसरी आणायला कोण जातं? घरोघरी हेच. सर्दीला तीच औषधं, कोंबड्यांच्या खाद्यात तीच औषधं. जंतू एकेक औषध पचवत गेले. रंजना पन्नाशीला आली तोवर अशी वेळ आली की साध्या उन्हाळीनं बायका दवाखान्यात पडायला लागल्या आणि काही तिथून परत येईनात.

मग पिवळी आली. तिची खुबी अशी की ती अंगभर फिरत बसत नाही, रक्तातून गाळली जाऊन थेट मूत्रपिंडात आणि मूत्राशयात साठते, आणि तिथे जंतूला एका नव्हे, चार-पाच बाजूंनी एकदम घेरते. एक वाट बंद झाली तर जंतू पळवाट काढतो, सगळ्याच बंद झाल्या तर मरतो. पण त्यासाठी मूत्रात तिचं प्रमाण भरपूर लागतं. जेवणाबरोबर घेतली तर ती पोटात सावकाश विरते आणि हे प्रमाण टिकतं. मध्येच चुकवली तर ओसरतं. आणि ओसरलेलं औषध जंतूला मारत नाही, शिकवतं.

पिवळीच्या मागे दुसरं औषध नव्हतं. म्हणून ती दुकानात ठेवलीच नाही. ज्या बाईला खरी गरज तिला पेटी द्यायची. काचेच्या खाचेत लघवीचा थेंब टाकला की पेटी त्यातल्या जंतूंची कुळी वाचायची आणि मगच गोळी सोडायची. सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलायच्या. कुठल्या गावात जंतू कुठवर शिकला, कुणाकडून कुणाकडे गेला, याची एक भलीमोठी वंशावळ तयार होत होती.

ज्यांना उन्हाळी पुन्हा पुन्हा लागायची त्यांना वर्षभर रोज दुपारी एक गोळी. रंजना त्यांतलीच.

*

सोळा सोमवार तिनं धरले ते सुनेसाठी. शर्वरीच्या लग्नाला चार वर्षं होत आली होती. शर्वरी स्वतः काही बोलत नसे, पण शेजारच्या बारशाहून आली की उगाच कपाट आवरायला घ्यायची. रंजनानं ते पाहिलं होतं. एका सकाळी तिनं सांगून टाकलं की मी सोमवार धरतेय, तू काही करायचं नाहीस, तू फक्त चांगलं खायचं.

“उपास तुम्ही करणार आणि फळ मला मिळणार? हे कसं चालतं हो तुमच्या देवाचं?” शर्वरीनं विचारलं होतं.

“कुरिअरसारखं,” रंजना म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

दोघींचं बरं होतं. शर्वरी त्याच पॅकहाउसात ऑफिसात बसायची. प्रत्येक खोक्यावर एक लांब क्रमांक असे. तिकडे लंडनला कुणाच्या घडात काही सापडलं तर त्या क्रमांकावरून शर्वरी इथे बसून सांगायची की हा घड कुठल्या शिवारातला, कुठल्या ओळीतला, त्यावर कधी काय फवारलं. घडाचा माग काढण्यात तिचा हात कुणी धरत नसे. रंजना तिला म्हणायची, माझ्या माहेरच्या माणसांचा असा माग कुणी आधी काढला असता तर किती पोरी वाचल्या असत्या.

सोळा सोमवार झाले तरी काही झालं नाही. रंजनानं पुन्हा सोळा धरले. मध्ये चतुर्थ्या आणि एकादश्या होत्याच. आणि तशी ती एकटी नव्हती. पॅकहाउसातल्या निम्म्या बायकांचा कुठला ना कुठला वार होता.

पेट्यांनी हे सगळं इमानानं वर कळवलं होतं. ‘जेवण नाही, गोळी दिली नाही.’ पुण्यात बसलेल्या शहाण्या माणसांनी ते वाचलं आणि त्यांना वाईट वाटलं. या भागातल्या बायका आठवड्यातून एक-दोन दिवस उपाशी राहतात, असा निष्कर्ष निघाला. त्यांची माणुसकी खरी होती. त्यांनी लाडू पाठवले. गहू, ज्वारी, नाचणी, सोयाबीन यांचे पौष्टिक लाडू. सोमवारी वाटायला सांगितलेले. धान्याचे लाडू उपासाला कसे चालणार? बायकांनी ते पदरात बांधून घरी नेले आणि नातवंडांना दिले. राजगिऱ्याचे पाठवले असते, तर काय सांगावं. पण तसं सुचायला त्यांच्यातल्या एखाद्याच्या आईनं डबा भरून दिलेला असावा लागतो, आणि ती माणसं बहुतेक कँटीनमध्ये जेवणारी होती.

दुसऱ्या सोळांतला शेवटचा सोमवार व्हायच्या आतच शर्वरीला दिवस गेले. रंजनानं अख्ख्या पॅकहाउसात पेढे वाटले. अलकाही म्हणाली, तुझ्या देवाला मानलं बाई.

*

सातवा सरून आठवा लागला आणि शर्वरीला थंडी वाजून ताप आला. कमरेच्या वर, एका बाजूला दुखायला लागलं. गरोदरपणात गर्भाशयाचा भार मूत्रनळ्यांवर पडतो, मूत्र तुंबतं, आणि खालचा जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतो. ही गोष्ट नवीन नव्हती. अशा बायकांसाठीच तर पिवळी होती. नाशिकच्या दवाखान्यात नेल्यावर लगेच पिवळी सुरू झाली, शिरेतून, दुप्पट जोराची. सार्थकनं, रंजनाच्या लेकानं, दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि आईला म्हणाला, आता दोन दिवसांत उतरेल.

ताप उतरला नाही.

डॉक्टर तांबोळी म्हणून एक बाई होत्या. साठीकडे झुकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रंजनाला आणि सार्थकला आपल्या खोलीत बोलावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक झाड दाखवलं. उलटं, मुळं वर आणि फांद्या खाली. म्हणाल्या, ही जंतूंची वंशावळ. हिरव्या फांद्यांवर पिवळी चालते. ही एक लाल आहे. हिच्यावर चालत नाही. शर्वरीच्या मूत्रपिंडात आहे तो जंतू या लाल फांदीचा.

सार्थकनं विचारलं, ही फांदी आली कुठून?

डॉक्टरीणबाईंनी लाल फांदीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, तुमच्याच भागातून. तिकडच्या कामकरी बायकांच्या पेट्यांत ठरावीक दिवशी गोळी चुकल्याच्या नोंदी आहेत, वर्षभर. असं झालं की काही जंतू आतड्यात दबा धरून राहतात, लघवीत दिसतही नाहीत, म्हणून पेटीला सापडत नाहीत. तिथे ते हळूहळू शिकतात. आणि एका घरातली माणसं एक संडास, एक स्वयंपाकघर वापरतात. जंतू घरातल्या घरात वाटले जातात. त्यात कुणाचा दोष नसतो.

हे शेवटचं वाक्य त्या रंजनाकडे न बघता म्हणाल्या, त्यावरून रंजनाला सगळं कळलं. लाल फांदीच्या बुंध्याशी एक क्रमांक होता. तिला तो पाठ नव्हता, पण तिच्या पेटीच्या बुडाशी चिकटवलेला होता, आणि ती पेटी रोज पुसताना तो डोळ्यांखालून जायचा. अलकाचा क्रमांक पलीकडच्या हिरव्यागार फांदीवर असणार. खोटं बोलणाऱ्या बाईची एकही गोळी चुकली नव्हती.

सार्थकला यातलं काही उमगलं नाही, किंवा त्यानं उमगून घेतलं नाही. तो विचारत राहिला की दुसरं औषध कुठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आम्ही आहे ते सगळं वापरून बघतोय. मग त्यांनी बाळाचा विषय काढला. मूत्रपिंडातला जंतू आता रक्तात उतरतोय. बाळापर्यंत अजून पोचलेला नाही. आजच्या आज बाळ बाहेर काढलं तर ते जगण्याची शक्यता आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही.

“आणि शर्वरी?” सार्थकनं विचारलं.

“तिच्याबद्दल तुम्ही तिच्याशी बोलायला हवं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण सार्थकनं त्यांच्यापुढे हात जोडले. तिला काही सांगू नका, ती खचेल, तिच्यासमोर फक्त चांगलं बोला. आणि बाहेर येऊन त्यानं शर्वरीला सांगितलं की हैदराबादहून नवीन औषध निघालंय, उद्या-परवा पोचतंय. त्याच्या मामानंही फोनवर तेच सांगितलं. शर्वरीच्या माहेरची माणसं नाशिकला यायला गाडीत बसली होती, त्यांनीही फोनवर तेच सांगितलं. दवाखान्यातली नर्ससुद्धा सलाईन बदलताना म्हणाली, येईल हं ताई. त्या औषधाला नाव नव्हतं, रंग नव्हता, पण दुपारपर्यंत ते अख्ख्या घरादाराच्या तोंडी झालं होतं. एकदा तर रंजनालाही वाटून गेलं की गाडी आता सोलापूरपर्यंत आली असेल.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. डॉक्टरीणबाई बाळाचं बोलायला गेल्या तेव्हा शर्वरीनं मान हलवून नाही म्हटलं. औषध येतंय ना, मग घाई कशाला? अजून थोडे दिवस राहू दे त्याला आत, वाढू दे. बाहेर काढलं की काचेच्या पेटीत ठेवतील, नळ्या लावतील, एवढासा जीव. आई म्हणून तिचं चुकत कुठे होतं? तिला जेवढं सांगितलेलं होतं त्यावर तिनं हिशेबानं निर्णय घेतला होता.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन व्हरांड्यात रंजनाजवळ बसल्या. त्या म्हणाल्या की तिला खरं काय ते मला सांगता येईल. मी हे या वर्षात पुष्कळ जणींना सांगितलंय. पण तिनं माझ्यावर विश्वास ठेवायला हवा आणि घरच्या सगळ्यांनी तिला उलट सांगितलंय. तिच्या घरचं कुणीतरी लागेल. शुद्धीवर आहे तोवर तिच्या मनाविरुद्ध मी तिच्या पोटाला हात लावणार नाही. आणि शुद्ध फार वेळ राहणार नाही.

रंजनानं सार्थककडे बघितलं. तो जिन्याजवळ फोन कानाला लावून उभा होता आणि कुणाला तरी विचारत होता की हैदराबादला कुणी ओळखीचं आहे का. तीस वर्षांचा बाप्या, पण शर्टाचं एक टोक बाहेर आलेलं, लहानपणी शाळेतून यायचा तसं.

*

खोलीत ऊन आलं होतं. शर्वरीचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि गाल मात्र तापानं गुलाबी. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, गरोदरपणाचं तेज आलंय. रंजनानं खुर्ची ओढून घेतली आणि ओल्या रुमालानं तिचं कपाळ टिपलं.

शर्वरीनं डोळे उघडले. म्हणाली की आई, तुम्ही जेवला नसाल. रंजना म्हणाली, खाल्लं मी. त्यावर ती थोडी हसली. मग थांबत थांबत बोलायला लागली. मघाशी डॉक्टरांच्या हातात कागद होता, त्यावरचा क्रमांक तिनं उलटा वाचला होता. उलटे क्रमांक वाचायची सवयच तिला, खोकी पट्ट्यावरून उलटी यायची.

“तुमच्या पेटीचे पहिले आकडे आहेत त्यात,” ती म्हणाली. “कुठल्या शिवारातून आलं ते मला कळलं.”

रंजनानं रुमाल घडी घालून उशाशी ठेवला.

“असू दे हो,” शर्वरी म्हणाली. “सासूकडून सुनेला पाटल्या मिळतात, मला हे मिळालं. सार्थकला नका सांगू, तो उगाच तुमच्याशी बोलायचा बंद होईल. औषध आलं की जाईलच ते.”

एवढं बोलून ती दमली. तिचा हात पोटावर गेला. आतून बाळानं ढुशी दिली असावी, कारण तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सगळं विसरल्यासारखं झालं. तिनं रंजनाचा हात ओढून तिथे ठेवला. रंजनाच्या तळव्याला ते लागलं, टाच असेल किंवा गुडघा, छोटं, ठणठणीत, भलतंच घाईत असलेलं.

रंजनाच्या मनात आलं की हिच्या पाया पडावं. मग आलं की उठून बाहेर जावं, डॉक्टरांना सांगावं की तुम्हीच काय ते बोला. ती माफी मागू शकली असती, आणि शर्वरीनं ती दिली असती. दिलीच होती, पाटल्यांचा विनोद करून. पण माफी मागत बसलं असतं तर रडारड झाली असती, आणि रडारडीत दुपार गेली असती. आणि जे सांगायला तोंड उघडायचं होतं ते पुन्हा बाजूला राहिलं असतं, जसं सकाळपासून प्रत्येकानं बाजूला ठेवलं होतं.

हे सांगायचा अधिकार सगळ्यांत कमी कुणाला असेल, तर तो तिला. पण अधिकार असलेली माणसं जिन्याजवळ फोन लावत होती आणि गाडीत बसून येत होती.

“सार्थक म्हणत होता, औषध उद्या सकाळी येईल,” शर्वरी डोळे मिटून म्हणाली. “सकाळपर्यंत मी थांबते आई. मग डॉक्टर म्हणतील ते करू.”

रंजनानं तिच्या पोटावरचा हात काढला नाही.

“शर्वरी, इकडे बघ,” ती म्हणाली. “औषध येत नाहीये. तसलं औषधच नाही कुठे. तू यातून उठणार नाहीस, बाळा. लेकराला आज बाहेर काढू दे.”